अनंताची चौकशी

अनंता, तुला अग्नी दिला तव्हा लोकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. आधी सरपंच बोलले, मंग हेडमास्तर बोलले, मंग कुणीतरी म्हणलं, बबनला बोलू द्या, दोस्त होता. मी उभा राह्यलो. आजवर मी उभा राह्यलो का लोक हसायला तयारच असायचे, त्या दिशी कुणी हसंना. मला काय सुधरलं नाय. मी म्हणलो, "अनंताचं माह्यापासून काहीच लपलेलं नव्हतं." लोकांनी माना हलवल्या. दोघं-तिघं रडले पण.

मेलेल्या माणसाबद्दल सगळेच थोडं वाढवून बोलतात, त्याचं काय नाय. मी माह्याबद्दलच वाढवून बोललो. सरण तुहं पेटलं होतं आन मी आपली शेखी मिरवत होतो. ते बोलणं किती खोटं होतं ते मला अकराव्या दिशी कळलं. म्हणून हे सगळं सांगायला बसलोय. मी बोलतोय आन माही बायको कमल लिहितेय. तिची दहावी झालेली हाय, माही चौथी, ती पण मास्तरला कट्टाळा आला म्हणून झाली.

तुला ठाऊक हाय, पण वाचणाऱ्याला ठाऊक नसंल. करमाडला रोडच्या कडंला माहं पंक्चरचं दुकान. पण गाव मला ओळखतं चौकशीसाठी. कुणाच्या पोरीला स्थळ आलं का तिचा बाप आधी माह्याकडं. मंग मी त्या गावाला जायचं. पोराच्या घरी जायचंच नाय, घरचे खोटंच सांगतात. न्हाव्याकडं दाढीला बसायचं, किराणावाल्याकडं काडीपेटी मागायची, टपरीवर चहा घ्यायचा आन सहज इचारायचं, ते अमक्याचं पोरगं कसंय हो. ज्याची चौकशी त्याला सोडून सगळ्याला इचारायचं. निम्म्या करमाडची लग्नं माह्या संशयातून पास होऊन झाली. आन किती बिघडली ते तू मोजायचा, मी नाय. पाचोडला बाजाराच्या दिशी मी एका चहावाल्याला इचारलं, त्यानं पोराची एवढी तारीफ केली का मी तिथूनच होकाराचा फोन लावला. तो पोराचा सख्खा मामा निघाला. चहाचे पैसे घेतले नाय तव्हाच कळायला पाहिजे होतं. तू म्हणला, "बबन्या, तू फुकटचा चहा पिऊन पोरगी देऊन आला."

असा मी. आन तू येऊन मला सांगितलं का मी व्हिएतनामला चाललो, इंग्रजी शिकवायला.

पंधरा वर्षं तू त्या इनाअनुदानित शाळेत शिकवलं, आज ना उद्या अनुदान यील म्हणून. वय झालं चव्वेचाळीस. मी टायरमधून खिळा काढत होतो.

"तिथं इंग्रजी बोलतात?" मी इचारलं.

"नाय बोलत. म्हणूनच तर शिकायचीय त्यांना."

"मंग तुला त्यांची बोली येती?"

"नाय."

"त्यांची तुला येत नाय, तुही त्यांना येत नाय. शिकवणार कसा?"

"तसंच शिकवतात. इंग्रजीतूनच. करून दाखवायचं."

"करमाडच्या पोरांना तू मराठीतून समजून सांगितली तरी इंग्रजी आली नाय."

तुला राग आला नाय, तिथंच मला पहिला संशय आला. माणूस फसायच्या आधी असाच खुश असतो.

मंग मी एकेक बघत गेलो. मास्तर व्हायचं सर्टिफिकेट तू घरी बसून मोबाईलवर घेतलं. मुलाखत पण मोबाईलवरच. वर इस्त्रीचा शर्ट, टाय, आन खाली लुंगी, मी खिडकीतून बघितलं. म्हणलं जो माणूस अर्धाच बघून नोकरी देतो त्याचा भरवसा काय. तव्हा बातम्या पण येत होत्या, नोकरी म्हणून पोरं त्या बाजूला नेतात, कोंडून घालतात आन कंप्युटरवर लोकांना फसवायला बसवतात. मी सिडकोत त्या एजंटच्या हापिसापाशी दोन दिवस काढले. वर गेलोच नाय. खालच्या पानवाल्याला इचारलं, इथून माणसं जातात ती परत येतात का. तो माह्याकडं वरून खालपर्यंत बघून म्हणला, "चच्चा, तुमको नहीं लेंगे वो लोग."

त्या सर्टिफिकेटासाठी तुला कुणाला तरी शिकवून त्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. ज्याला इंग्रजी अजिबात येत नाय असा माणूस पाहिजे होता. तुला लांब जावं लागलं नाय. दुकानात मला स्टुलावर बसवलं, मोबाईल पान्याच्या डब्याला टेकवला आन तासभर तू एक शब्द मराठी बोलला नाय. टायर उचलून दाखवायचा, म्हणायचा धिस इज अ टायर. मी म्हणायचो, व्हय, माहाच हाय. तू बोट ओठावर ठेवायचा. मंग स्वतः टायर झाला, गोल फिरला, खिळा लागल्यासारखं केलं आन भुईवर बसला. फ्लॅट. गिऱ्हाईक गाडी ढकलत आलं होतं, ते आम्हाला बघून तसंच पुढं ढकलत गेलं. पण अनंता, त्या तासात मला चार शब्द आले, ते अजून हायत. चौथीपर्यंत मला कुणी असं डोळ्यात बघून शिकवलं नव्हतं. हे तुला मी कधी सांगितलं नाय. तव्हा मी म्हणलो होतो, गिऱ्हाईक घालवलं तू माहं.

जायच्या आधी सुमन वहिनी दारात उभ्या राहून म्हणल्या, "बबन भाऊजी, तुम्ही हो म्हणालात तरच मी ह्यांना सोडते." मला तव्हा ते मानाचं वाटलं. मी हो म्हणलो.

आन खरंच शाळा निघाली. तू पोरांचा व्हिडिओ पाठवला. वीस पोरं एका दमात उभी राह्यली आन त्यांनी तुला गुड मॉर्निंग घातलं. तुला तिथं 'थाय आन' म्हणायचे, थाय म्हणजे गुरुजी आन 'आन' म्हणजे तू. मला लगेच संशय, नाव का बदललं, पासपोर्टवर तर अनंत हाय. तू म्हणला, "येड्या, त्यांना अनंत म्हणता येत नाय, एवढंच." ती पोरं हाऊ आर यू असं म्हणायची का डोळे मिटले तर करमाडच्या शाळेच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. व्हिएतनामच्या एका गावात करमाडच्या चालीवर इंग्रजी बोलली जाते, हे तुहं काम. गावात सगळ्याला मी तो व्हिडिओ दाखवला, जसा काय मीच पाठवला होता तुला.

दिवाळीला तू आला नाय. संक्रांत गेली. वहिनी दुकानावर आल्या. कधी येत नव्हत्या, आल्या.

"भाऊजी, ते म्हणतात अजून सहा महिने राहतो. चेहरा उतरलाय हो त्यांचा. विचारलं की म्हणतात, ऊन आहे. काहीतरी आहे. तुम्ही चौकशी करा. तुम्ही म्हणाल राहू दे तर राहू दे, बोलवा म्हणाल तर मी बोलावते."

आता व्हिएतनामात चौकशी कशी करायची? मला लई हुशारी सुचली. दुपारी तुला व्हिडिओ फोन लावला आन म्हणलं, जिथं रोज जेवतो त्या दुकानात मोबाईल घेऊन जा. मला तिथल्या माणसाला इचारायचंय. तू हसला, पण गेला. शेवयांचं पाणी इकायची ती बाई. पन्नाशीची असंल, डोक्याला रुमाल, हातात पळी. बाजूला स्टुलावर तुह्या शाळेतली कुणीतरी मास्तरीन खात बसली होती.

आन इथं मी अशी चूक केली का करमाडचा चौकशीवालाच करू जाणे. ज्याची चौकशी, त्यालाच दुभाष्या केला.

"इचार तिला, दारू पितो का."

तू तीन शब्द बोलला. बाईनं मोबाईलमधी माह्याकडं बघितलं आन सुरू झाली. थांबंचना. पोटावर हात ठेवला, तोंडापाशी हात नेला, तुह्याकडं बोट केलं, पळी आपटली.

तू म्हणला, "म्हणते, नाय पीत."

"एवढं सगळं ती नाय पीत म्हणली?"

"त्यांची भाषाच लांब हाय."

"इचार, घरी येळेवर जातो का."

परत तीच तऱ्हा. आता तिचे डोळे भरले. तिनं तुहं मनगट धरलं आन मोबाईलपुढं आणलं, मला दाखवल्यासारखं. बाजूची मास्तरीन खायची थांबली आन तुह्याकडं बघायला लागली.

"म्हणते, येळेवर जातो. गिऱ्हाईक चांगलं हाय."

"मनगट का धरलं?"

"तशी पद्धत हाय इथं."

फोन ठेवला आन मी दुकानात एकटाच बसलो. ट्यूब पाण्यात बुडवली का बुडबुडा जिथून येतो तिथं भोक असतं, हे मला कुणी शिकवायला नको. बुडबुडा मी डोळ्यानं बघितला. मनगट बारीक झालं होतं, ते बघितलं नाय. कुणी धरलं तेवढंच बघितलं.

संध्याकाळी तुला परत फोन केला.

"ती बाई कोण?"

"कोण म्हणजे? शेवयावाली."

"मला येडा समजू नको. अशा कामात जल्म गेला माहा. हक्कानं धरल्यावानी धरलं तिनं."

तू लई वेळ गप्प. मला वाटलं रेंज गेली. मंग हसला.

"तुला तसं वाटतंय व्हय?"

"व्हय."

"मंग तसंच समज. सुमनला नको सांगू फक्त."

आता खरं सांगतो, त्या राती नाय, त्याच घडीला मी ठरवलं का नाय सांगायचं. कारण माह्या लग्नाच्या वेळी कमलचा बाप शेंद्र्याहून माही चौकशी करायला आला होता. नशीब माहं, त्यानं तुलाच गाठलं. इचारलं, पोरगं किती शिकलंय. तू सरळ तोंडानं म्हणला, दहावी पास. बामणाचं पोर खोटं कशाला बोलंल म्हणून तो माणूस तसाच जाऊन कुंकू लावायची तयारी करायला लागला. कमल इथं लिहिता लिहिता म्हणते, "तव्हा एक चौकशी नीट झाली असती तर मी आज शहरात असते." तिला म्हणलं, ते पण लिही.

तर असं. तू माह्यासाठी खोटं बोलला, मी तुह्यासाठी बोलायचं. दुसऱ्या दिशी वहिनीकडं गेलो.

"काही नाय वहिनी. ऊनच हाय तिथं. मन लावून शिकवतोय. राहू द्या सहा महिने."

"नक्की ना भाऊजी?"

"मी कव्हा चुकलोय?"

वहिनी हसल्या पण नाय त्यावर. म्हणल्या, "बरं."

आन मंग मी तुह्यावर रुसलो. वहिनीच्या वतीनं, जसं काय त्यांनीच मला नेमलं होतं. पाच महिने फोन केला नाय. तू पोरांचे व्हिडिओ पाठवायचा, मी बघायचो आन काय बोलायचो नाय. एकदा लिहून घेऊन पाठवलं, आधी घर बघ मंग जगाला शिकव. तू उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मला वाटलं चोर सापडला.

उन्हाळ्यात तू आला. चिकलठाण्याला इमानतळावर मी आन वहिनी उभे होतो. तू माह्यापुढून गेला आन मी मागं कुणी येतंय का बघत राह्यलो. वहिनींनीच ओळखलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. आन माह्या डोक्यात काय आलं सांगू? बाईच्या नादानं वाळला. माह्यासारखा नालायक माणूस तुला दोस्त म्हणून मिळाला.

दवाखान्यात डॉक्टरनी इचारलं कधीपासून. तू म्हणला, महिना झाला असंल. त्यांनी पिशवीतले कागद बघितले, तुह्याकडं बघितलं. बाहेर येऊन वहिनीला म्हणले, चार-पाच महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. पोटातली गाठ होती.

एकोणीस दिवस तू राह्यला. त्यातल्या एका दिशी वहिनी डबा आणायला गेल्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो. आन अशा वेळी कुणीही माणसासारखा माणूस इचारंल का, लई दुखतंय का. मी काय इचारलं?

"ती फोन करती का?"

"कोण?"

"शेवयावाली."

तू हसायला गेला आन पोट धरलं. "बबन्या, तू लई नीच हायस."

"मी नीच? मी तोंड मिटून बसलोय पाच महिने, आन नीच मी?"

"हळू बोल."

"कुणाच्या जिवावर बसलोय?"

नर्सनं मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं भांडण हे. त्याच्या नंतर दोनदा तू माह्याकडं बघून तोंड उघडलं, आन दोन्ही वेळा पाणी मागितलं. मी पाणी दिलं. पहिल्या वेळी गार होतं म्हणून तू प्यायला पण नाय.

अकराव्या दिशी घरात माणसं होती, वहिनीच्या मोबाईलवर तिकडून फोन आला. वहिनी म्हणल्या, भाऊजी तुम्ही घ्या, मला नाही बोलवत. निशा मॅडम होत्या, भोपाळच्या, तुह्या शाळेतल्या. स्टुलावर बसून खात होती तीच मास्तरीन. हिंदीत बोलल्या, रडल्या. सर लई चांगले होते, पोरं अजून इचारतात. मंग त्यांच्या बाजूला ती शेवयावाली दिसली. तिनं मला बघितलं, आन ओळखलं. बोट दाखवून बोलायला लागली. तिचा आवाज तोच होता, या वेळी दुभाष्या दुसरा होता.

मॅडम म्हणल्या, "ये पूछ रही हैं, उस दिन मैंने आपको सब बताया था, फिर आपने उनको बुलाया क्यों नहीं?"

मी म्हणलं, काय सांगितलं होतं?

मॅडम म्हणल्या, "आपको नहीं पता? इन्होंने बोला था कि सर के पेट में कुछ रुकता नहीं है, रोज़ उल्टी होती है, हाथ देखो कितना पतला हो गया. इनका बेटा दो बार अस्पताल लेके गया, तीसरी बार सर भाग गए. घरवालों को बोलो, ले जाओ. सर ने हमको कसम दी थी. बोले, मई में बच्चों का इम्तिहान है, उसके बाद जाऊँगा."

त्या बाईनं एवढं सगळं मला तोंडावर सांगितलं होतं. हातवारे करून, पोटावर हात ठेवून, तुहं मनगट माह्या डोळ्यापुढं नाचवून. पाच वर्षाच्या पोराला कळलं असतं. मी जिंदगीभर न्हाव्याच्या आरशात लोकांची तोंडं वाचली, आन मला त्यात लफडं दिसलं. मी तिला हात जोडले. दुसरं काय येतं मला. तिनं पण जोडले, पण राग गेला नव्हता. बरं झालं नाय गेला.

फोन ठेवला तर मागं वहिनी उभ्या. त्यांना हिंदी चांगली येती. माणसं पाटावर बसायला लागली होती, त्यांनी मला मागच्या पडवीत बोलावलं.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं होतं? खरं सांगा."

मी खाली बघून सांगितलं. बाई, मनगट, फोन, तू काय म्हणला, मी काय समजलो. सगळं. म्हणलं, वहिनी, मला वाटलं तुमचा संसार मोडंल. म्हणून गप बसलो.

वहिनी हसल्या. अकरा दिवसात पहिल्यांदा. "ह्यांना? बाई?" आन हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला. मला तो बघवला नाय.

"तेच सांगायचं होतं ना भाऊजी मला," त्या म्हणल्या. "आजारी आहेत म्हणाला असतात तर त्यांनी मला फोनवर गुंडाळलं असतं. गोळ्या घेतोय, बरं वाटतंय, असं म्हणून सहा महिने काढले असते. पण बाई आहे म्हणाला असतात ना, तर मी त्याच आठवड्यात त्यांना इथं आणून उभं केलं असतं. कान धरून. शाळा गेली असती खड्ड्यात."

आन आत गेल्या, वाढायला.

अनंता, आख्ख्या जल्मात मी संशय आला तो बोलून दाखवला. लोकांची लग्नं मोडली, भावाभावात लावून दिलं, फुकटचा चहा पिऊन पोरी दिल्या. एकदाच गप बसलो. एकदाच. खोटा संशय होता तो, पण बोललो असतो तर तू वाचला असता.

तीन दिवस मी त्याच पडवीत अडकलोय. आन आता मला तुह्यावर संशय येतोय. तू बघ कसा माणूस हायस. मी बाई म्हणलो आन तू लई वेळ गप्प राह्यला, रेंज गेली असं वाटण्याइतका. त्या वेळात तू हिशोब केला. आजाराचं कळलं तर बबन पाच मिनिटांत वहिनीच्या दारात. पण बाईचं असंल तर बबन मरंल, तोंड नाय उघडणार. तुला लपायला जागा पाहिजे होती, त्या वीस पोरांची परीक्षा होईपर्यंत, आन तू ती माह्या दोस्तीत काढली. गावात माह्या शब्दावर भरवसा कुणाचाच नाय. माह्या गप्प बसण्यावर तू टाकला. मला एवढं बरोबर कुणीच ओळखलं नव्हतं, आन त्याचा तुह्यावर एवढा राग येतो का तू समोर असता तर मी तुला हाणलं असतं, आन हाणून झाल्यावर सोडलं पण नसतं.

वहिनीला वाटतंय सगळी चूक माही. मी त्यांना तसंच वाटू देणार होतो. मी वाईट म्हणून गावाला पाठ हाय, आणखी थोडा वाईट झालो तर कुणाचं काय जातंय. तू पण हेच धरून चालला असशील, का बबन आपल्यावर घेईल. पण नाय, अनंता. एकदा तुह्यासाठी गप बसलो तर हे झालं. निम्मी चूक तुही हाय, आन वहिनीनं ती वाचली पाहिजे. तुह्यावर रागवायचा हक्क त्यांचा हाय, तो मी माह्याकडं ठेवून घ्यायचा नाय.

कमलनं इचारलं, हे शेवटचं ठेवू का खोडू.

ठेव म्हणलं.